दुखला उजवा, डागला डावा

"वैद्य चुकला, हे वैद्यानंच सांगायला हवं! कोष्ट्याच्या बायकोनं नव्हे!" महाराज गरजले. साऱ्या दरबारानं माना डोलावल्या.

भिवरा कोष्टीण जागची हलली नाही. "महाराज, माझ्या नवऱ्याचा दुखत होता उजवा गुडघा. तुमच्या राजवैद्यांनी, गदाधरशास्त्र्यांनी, तापल्या सळईनं डागला डावा! जखम चिघळली, शीर आखडली. दोन्ही पाय कामातून गेले. आता मागाच्या पावड्या त्यांनी पायांऐवजी काय जिभेनं दाबायच्या?"

"हिची जीभ चालते खरी भरभर!" प्रधानजी पुटपुटले.

"शास्त्रीबुवांनी पोटाला धान्य द्यावं, लगेच आवरते!"

पण महाराज एक नंबरचे हट्टी. "आठ दिवसांत एक तरी वैद्य साक्षीला आण. नाहीतर राजवैद्याची बदनामी केलीस म्हणून तुझा माग जप्त!"

गदाधरशास्त्र्यांना तर दरबारात यायचीही गरज पडली नाही. ते घरी वामकुक्षी घेत होते.

नगरात आणखी बारा वैद्य होते. पाच शास्त्रीबुवांचे शिष्य, चार जावई आणि उरलेले तिघे जावई व्हायच्या खटपटीत! भिवरा येताना दिसली की कुणी संध्येला बसे, कुणी आतून कडी घाली. एकानं तर तिच्यासमोर स्वतःचीच नाडी धरली. "अगं बाई, मलाच बरं नाही!"

सातव्या दिवशी भिवरा घरी आली ती मागापाशी मटकन बसली. उद्या हा माग जाणार!

"जाऊ दे गं," तिचा नवरा सटवोजी कण्हत म्हणाला. "मोठ्या माणसांशी कशाला वाद? त्या बुवानं माझं तोंडसुद्धा पाहिलं नाही. गुडघा धरला नि दिला डाग!"

भिवरानं मान वर केली. "तोंड पाहिलं नाही?"

"नाही."

"मीही तेव्हा बरोबर नव्हते! मग बसलात काय? चला!"

"चालू कसा?"

तिनं नवऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि तडक शास्त्रीबुवांचं घर गाठलं.

शास्त्रीबुवा पान चघळत होते. "काय होतंय?"

"दुखत होता उजवा गुडघा. वैद्यानं डागला डावा."

शास्त्रीबुवांनी जखम पाहिली मात्र, पानाची पिंक टाकून ते कडाडले, "कोण हा गाढव? कुठल्या खेड्यातला?"

"नाव कसं घेऊ? फार मोठे वैद्य आहेत."

"माझ्याहून मोठा?"

"छे छे! तुमच्याहून तसूभरही मोठे नाहीत!"

"मग भितेस कशाला? घे, लिहूनच देतो!" बुवांनी झरझर लिहिलं: 'हे काम वैद्याचे नव्हे, गाढवाचे. निरोगी गुडघा जाळून माणूस जन्माचा पांगळा केला. या वैद्याने या कुटुंबास जन्मभर पोसावे.' खाली ठसठशीत सही, वर राजवैद्याचा शिक्का!

दुसऱ्या दिवशी भिवरा नवऱ्याला पाठीवर घेऊनच दरबारात गेली. महाराजांनी तो कागद वाचला आणि शास्त्रीबुवांना बोलावून घेतलं. "अक्षर तुमचं?"

"माझंच! शब्दन् शब्द खरा!"

"भिवरा, आता सांग त्या वैद्याचं नाव."

"महाराज, डागणारे वैद्य हेच!"

शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "आं? मग... मग लिहिण्यात माझी चूक झाली!"

"डागण्यात चुकलात की लिहिण्यात, ते तुमचं तुम्ही ठरवा, बुवा!" भिवरानं हात जोडले. "महाराज, राजवैद्य चुकतात, हे आता एका वैद्यानंच सांगितलं!"

 महाराज असे खदखदून हसले की डोक्यावरचा मंदिल कानावर आला! "शास्त्रीबुवा, पोसा आता जन्मभर! तुमच्याच अक्षरात आहे!"

दर महिन्याला राजवैद्याच्या घरून धान्याची पोती कोष्ट्याच्या दारात पडू लागली. आणि महाराजांनी आपल्याकडून भिवराला बैलजोडीसकट गाडी दिली. सटवोजी त्या दिवशी दरबारातून घरी गेला तो गाडीतल्या गादीवर रेलून, मिशीला पीळ देत!