गोमाजीचं सातकोनी मखर

ऐका. हरणखेडच्या डोहाला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, त्या काळातली ही गोष्ट. गावात गोमाजी नावाचा सुतार होता. त्याने जोडलेल्या लाकडांच्या सांध्यात केससुद्धा शिरत नसे, असं म्हणतात. चार कोनांची चौकट काय, कुणीही करतो. गोमाजी पाच कोनांची, नऊ कोनांची, म्हणाल तशी करून द्यायचा.

एका वर्षी गावात ताप आला. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली, त्यात गोमाजीची बायको साळूही होती. पाटील म्हणाले, डोहातल्या साती आसरांना, त्या पाण्यातल्या सात देवी-बहिणींना, सात कोनांचं मखर बसवू, एकेका बहिणीला एकेक बाजू, म्हणजे ताप उतरेल. गोमाजीने काम घेतलं. साळू वाचावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण सात कोन म्हणजे महाकर्मकठीण. सहा कोन नुसत्या दोरीने साधतात, आठांचंही जमून जातं. सात कशातच नीट बसत नाहीत. म्हणून गोमाजीची एक रीत होती. आधी टाकाऊ आंब्याच्या फळीचे सात तुकडे अंदाजाने तिरपे कापायचे आणि गोल जुळवून बघायचे. सहा सांधे मुकाट मिटतात, सगळ्यांची चूक गोळा होते आणि सातव्यात फट पडते. ती फट सगळ्या कापांवर थोडी थोडी वाटायची, तेवढा कोन बदलायचा, आणि मगच सागवानाला करवत लावायची.

तसं ते कच्चं कडं त्याने अंगणात जुळवलं, फटीचं माप घेतलं आणि साळूला पेज पाजायला आत गेला. बाहेर येऊन बघतो तर काय, बायकांनी कड्याला हळदकुंकू वाहिलेलं, पुढ्यात नारळ फोडलेला. सात कोन दिसले, त्यांना वाटलं मखर झालं. एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. आपल्याकडे हात आधी जोडले जातात, विचार मागाहून येतो.

गोमाजी धावत पाटलांकडे गेला. "पाटील, ह्ये मखर न्हाई. नुसता नमुना हाय ह्यो. खरं उद्या सांजच्याला देतो."

"पूजा झाली गोमाजी. आता आसरा बसल्या त्यात," पाटील म्हणाले. "त्यास्नी उठवायचं व्हय तुझ्या करवतीसाठी?"

आणि ते कडं फटीसकट डोहाकाठी नेऊन बसवलं. ताप काही उतरला नाही. मग गाव म्हणू लागलं, सुताराने फट ठेवली, तिच्यातून सातवी बहीण निघून गेली. म्हणजे करून सवरून सगळे नामानिराळे. गोमाजीला वाळीत टाकलं. त्याच्या घरी घोटभर पाणी द्यायलाही कुणी जाईना. दोन दिवसांनी साळू गेली.

खांदा द्यायला एक माणूस आला नाही. खऱ्या मखरासाठी आणलेल्या सागवानाची गोमाजीने तिरडी केली. एका कोपऱ्याला स्वतःचा खांदा लावला आणि उठला. आणि असं म्हणतात, की उरलेले तीन कोपरे आपोआप उचलले गेले. गावातून स्मशानापर्यंत तिरडी हवेत सरळ चालली, तसूभरही कलली नाही. सगळं गाव दाराआडून बघत होतं. एवढं डोळ्यांनी बघूनही कुणी दार उघडलं नाही. मला राग येतो तो याचाच.

सरण विझल्यावर गोमाजी नदीपलीकडे गेला तो परत आला नाही. ताप यायचा तेवढा आला आणि थंडी पडल्यावर आपला आपण गेला.

आजही हरणखेडात कुणाकडे मयत झालं तर निरोप धाडत नाहीत. वैर असो, भाऊबंदकी असो, घरटी एक माणूस आपणहून दाराशी जाऊन उभा राहतो. तिरडी उचलताना आधी गोमाजीचं नाव घेतात, मग देवाचं. खांदा द्यायला इतकी गर्दी होते, की पाळी यायला वाट बघावी लागते. साळूच्या वेळी तिघंच कमी पडले होते.