म्हशीच्या आडोशाने

डांबरी रस्ता गावात नवा होता आणि वाहनं नि जनावरं आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. एक म्हातारी सायकल रोज दुधाच्या दोन किटल्या घेऊन डेअरीला जायची. मागून टेम्पो यायचा आणि कानाशी हॉर्न वाजवायचा. "सरक गं. रस्ता काय तुझ्या बापाचा?" सायकल निमूट खाली उतरायची. खडीत चाक घसरायचं, दूध सांडायचं. ती इतकी थकली होती की आता तिला रागही येत नसे.

एके सकाळी टेम्पोने तिला असंच घासून खाली लोटलं आणि पुढच्याच वळणावर तो गपकन थांबला. रस्त्याच्या मधोमध चांदरी म्हैस रवंथ करत उभी होती. टेम्पोने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

सायकल लंगडत तिथवर आली. "चांदराक्का, तुला एवढा मान. माझं काय चुकलं गं?"

"कसला डोंबलाचा मान," म्हैस म्हणाली. "मला धडकला तर त्याची काच फुटते. तो स्वतःला जपतो, मला नाही. तुला धडकून त्याचं काय जातं?"

सायकलने टेम्पोच्या बंपरकडे पाहिलं. तिच्या मडगार्डचा हिरवा रंग तिथे लागला होता. पोचा मात्र कुठेच नव्हता.

"चल माझ्या आडोशाने," म्हैस म्हणाली.

तेव्हापासून सायकल म्हशीच्या चालीने जाऊ लागली. डेअरीत उशिराबद्दल बोलणी खायची, पण दूध सांडत नसे. मागून टेम्पो गुपचूप हळूहळू यायचा. बघणारे म्हणायचे, "टेम्पो सुधारला हो."