साउंडकार्ड आजींचा नंबर

फार पूर्वी, संगणक टेबलभर जागा अडवून बसत त्या काळी, एका संगणकात साउंडकार्ड आजी राहत होत्या. प्रोसेसरनं "पाच!" अशी हाक मारली की त्या गात. एके दिवशी शेजारी फोनवर बोलणारा मोडेम राहायला आला. त्याचाही नंबर पाचच. आता हाक आली की दोघंही ओ देत आणि अख्खं यंत्र गोठून जाई.

"उद्या पुन्हा अडलं, तर जुनं कार्ड भंगारात," दुरुस्तीवाले वाघोलीकर म्हणाले.

"आजी, माझा नंबर बदलता येत नाही. तुम्हीच सरका की!" मोडेम म्हणाला.

"मेल्या, जन्मापासून पाच आहे मी!"

पण रागावून भागणार नव्हतं. आजींच्या अंगावरच्या ज्या इवल्या प्लॅस्टिकच्या टोपीवरून त्यांचा नंबर ठरे, ती पाचच्या पिनांवर घट्ट बसली होती. आजींनी जोर लावून ती उपटली आणि सातवर बसवली.

तरी आजींना गाणी आणून देणारा प्रोग्रॅम सवयीनं पाचकडेच गेला. मोडेमनं त्याच्या कानात किंकाळी फोडली.

"इकडे ये रे, सातवर!" आजी ओरडत राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्यानं ऐकलं आणि नवा नंबर टिपून घेतला. मग प्रोसेसरची "सात!" अशी हाक आली. आजी गाऊ लागल्या, आणि यंत्र अडलं नाही.

मोडेम ओशाळला. "आजी, नंबर गेला. वाईट वाटलं असेल ना?"

"वाटलं की. पण गळा माझाच आहे."