गालाला गार लागणारी पाटी

"पण पाटी लावायची कुठं, तेवढं तरी सांगा की, आत्या."

मुकुंदशेठ बोराटे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते. म्हातारी बायजाआत्या माती तुडवत होती. तिनं मान वर केली नाही.

ओढ्याकाठची ती कुंभारशाळा सगळ्या गावाची. ज्याला हौस असेल त्यानं यावं, आत्याच्या हाताखाली शिकावं, घडवावं. चाक एकानं दिलेलं, छपराचे पत्रे दुसऱ्यानं, पाण्याचा हौद तिसऱ्यानं. कुणी काय दिलं हे विचाराल तर आत्यालाही धड सांगता यायचं नाही. शेठही वर्षभर शिकायला येत. उघड्यावरच्या आव्यात निम्मी मडकी तडकतात हे बघून त्यांना हळहळ वाटली, आणि त्यांनी विटांची पक्की भट्टी बांधून दिली. मनापासून दिली, त्यात खोट काढायला जागा नाही. पण दिल्या दिवसापासून गड्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

पाटी त्यांनी स्वतः घडवली होती. तीन बोटं जाड, परातीएवढी. वर कोरलेलं नाव, मुकुंद धोंडिबा बोराटे. रविवारी पाहुणे बोलावले होते, तेव्हा पहिल्याच भाजणीत ती निघायला हवी होती.

आत्यानं हात पुसले. पाटी उचलून गालाला लावली.

"गार लागतेय. पोटात ओली आहे अजून, जाळात फुटेल. पुढच्या भाजणीला बघू."

"वरून तर खडखडीत वाळलीय..."

आत्या पुन्हा मातीकडे वळली.

आता उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्याला कोण काय करणार? भट्टी रचताना आत्या पाणी प्यायला गेली, तेवढ्यात शेठनी पाटी मागच्या रांगेत सारली, सुलभाच्या लोटक्यांना खेटून. सुलभा गावातल्या मुलांच्या शाळेत खिचडी शिजवायची. तिला आयुष्यातली पहिली ऑर्डर मिळाली होती, लग्नाच्या पंगतीत दही वाढायला पन्नास लोटकी. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

भट्टीचं तोंड विटांनी बुजवून मातीनं लिंपलं. जाळ लागला. दोन तास झाले नसतील, तोच आतून आवाज आला.

धप्प.

लाकूड फुटलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. शेठ उठून भट्टीच्या मागच्या अंगाला गेले.

भट्टी तापायला एक दिवस, निवायला एक. मध्येच उघडली तर उरलंसुरलंही तडकायचं. दोन्ही दिवस शेठच्या पायाला भिंगरी. भट्टीभोवती फेऱ्या घालायचे, घरी जाऊन दोन घास खायचे, की पुन्हा हजर. सुलभा भेटेल त्याला हौसेनं लग्नाचं सांगत होती. ते ऐकवेना, म्हणून ते ओढ्यापर्यंत जायचे आणि तिथूनही परत यायचे.

शेवटी आत्यापुढं येऊन बसले.

"आत्या... तो आवाज पाटीचा होता. मी आत ठेवली."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची वाट बघत होते, शेठ."

भट्टी उघडली. सुलभाची पन्नासातली एकतीस लोटकी फुटली होती. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, आणि शेठना तेच सोसवेना. त्यांनी तिच्यापुढं हात जोडून सगळं सांगितलं. मग सवयीनं हात खिशाकडे गेला.

आत्यानं तो मनगटाशी धरला आणि त्यात मुसळ दिलं.

खापऱ्या कुटून भुकटी करायची, ती नव्या मातीत मळायची. अशा मातीचं मडकं आच सोसतं, सहसा तडकत नाही. ही आत्याच्या घराण्याची रीत. शेठ उखळाशी बसले. लोटक्यांची खापरं, पाटीची खापरं, सगळं एकत्रच. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले.

मग एक तुकडा हाती लागला. त्यावर 'मुकुंद' अख्खं शाबूत. शेठनी इकडंतिकडं बघून तो मांडीखाली सारला.

आत्या आली. तिनं हात पुढं केला.

"एवढा तरी राहू द्या, आत्या..."

हात तसाच.

शेठनी तुकडा काढला. तिच्या हातावर ठेवावा असं त्यांना वाटेना. बराच वेळ धरून बसले. मग तो स्वतःच उखळात टाकला आणि डोळे मिटून मुसळ घातलं.

रविवारच्या पाहुण्यांना त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. सुलभानं त्याच मातीची एकतीस लोटकी घडवली, सावलीत वाळवली. आत्यानं एकेक गालाला लावून बघितलं, तेव्हाच भट्टी रचली.

लग्नाच्या आदल्या दिवशी भट्टी उघडली. आत्या एकेक लोटकं काढून बोटानं वाजवत होती. टण्... टण्... एकतिसावंही तसंच वाजलं, तेव्हा सुलभा हसायला लागली.

शेठ बाजूला उभे होते. फोड अजून पुरते बसले नव्हते. राहवेना, तेव्हा हळूच म्हणाले,

"आत्या, यात माझं काही आलं का?"

आत्यानं हातातलं लोटकं पुन्हा एकदा वाजवलं.

"एकही फुटलं नाही ना, मुकुंदा? तेवढं तुझं."