मागच्या गुरुवारचं ‘या’

“मग मी काय करू, चाचा? चोर नाही म्हणून कपाळावर लिहून फिरू?”

दस्तगीरचाचा निखारे फुंकत होते.

मिरजेत दवाखान्यांचा जो मोठा रस्ता आहे, त्याच्या एका बाजूला औषधांच्या दुकानांची रांगच रांग आहे. रांगेच्या टोकाला चिंचेखाली एक पार आहे. दर गुरुवारी ऊन कललं की चाचा त्या पारावर बसून उदाच्या भांड्यात निखारे पेटवत. मग दुकानादुकानांतून ऊद फिरवत. चाळीस वर्षं त्यांनी एकही गुरुवार चुकवलेला नव्हता.

श्रेणिक मगदूम त्यांना लहानपणापासून ओळखत होता. आता तो अठ्ठावीस वर्षांचा होता. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचं छोटंसं ऑफिस होतं, आणि रस्त्यावरच्या बेचाळीस दुकानांत त्याने बनवलेला एक प्रोग्रॅम चालत होता. प्रोग्रॅमचं नाव ‘मुदत’. कुठल्या औषधाची मुदत कधी संपते, हे तो दुकानदाराला वेळेवर सांगायचा.

सांगायचा म्हणजे, मागच्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी सकाळी बेचाळीस दुकानांत एकाच वेळी लाल चौकट उमटली. ‘हा प्रोग्रॅम तुमच्यावर पाळत ठेवतो आहे.’ आणि ‘मुदत’ बंद पडला.

श्रेणिकने चाचांना समजेल अशा भाषेत सांगितलं. प्रत्येक संगणकात एक राखणदार बसवलेला असतो. गुपचूप शिरून पाळत ठेवणारे प्रोग्रॅम हुडकायचे आणि बाहेर काढायचे, हे त्याचं काम. या राखणदाराने ‘मुदत’लाच हेर ठरवलं होतं.

राखणदार बनवणाऱ्या कंपनीकडे त्याने अर्ज केला होता. सोबत प्रोग्रॅमच्या डिजिटल सहीचा दाखला, नोंदणीचे कागद, बेचाळीस दुकानांची नावं जोडली होती. रागाच्या भरात कॉलेजने दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखलासुद्धा जोडला होता. दोन ओळींचं उत्तर आलं. ‘प्रोग्रॅम जे सांगतो आणि जे करतो, त्यात फरक आढळतो.’

त्याने दुसरा अर्ज केला. तो जरा खरमरीत होता. उत्तर तेच आलं, शब्दही तेच.

आता महिनाअखेरीला दुकानदारांची बैठक होती. तोपर्यंत राखणदाराने ‘मुदत’ला निर्दोष म्हटलं नाही, तर सगळे मिळून तो काढून टाकणार होते. चार वर्षांचं काम आणि या रस्त्यावरचं नाव, दोन्ही त्या एका लाल चौकटीत अडकलं होतं.

“कोरेअण्णांनी काल मला फोन केला,” श्रेणिक म्हणाला. “पहिलं दुकान त्यांचं. मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनी त्यांच्या संगणकाला हात लावू दिला. आणि काल विचारतात, श्रेणिक, तू आमच्यावर लक्ष ठेवतोस होय रे?”

चाचांनी चिमट्याने एक निखारा सरळ केला.

“तुझा हा मुदत,” ते म्हणाले, “दुकानात शिरताना काय म्हणतो?”

“प्रोग्रॅम बोलत नसतो, चाचा.”

चाचांनी फुंकणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणजे… तो विचारतो. पहिल्यांदा बसवताना पडद्यावर सगळं लिहून येतं. मी औषधांच्या तारखा बघीन, यादी ठेवीन. चालेल का? दुकानदार हो म्हणतो. मगच बसतो.”

“आणि तेवढंच करतो?”

श्रेणिकने चिंचेकडे पाहिलं.

“जवळजवळ.”

“जवळजवळ म्हणजे?”

“संध्याकाळी आठ वाजता यादीची एक नक्कल माझ्या ऑफिसात येते. त्यांच्याच भल्यासाठी. पुराच्या वर्षी अण्णांच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं, संगणक गेला, यादी गेली. अकरा दिवस ते एकेक पाकीट हातात घेऊन मोजत बसले होते. मी बघितलंय ते. तेव्हाच मी ठरवलं की नक्कल आपल्याकडे असायला पाहिजे.”

“त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर निम्म्यांनी ते बंद केलं असतं. आपली यादी दुसऱ्याकडे कशाला, म्हणाले असते.”

“त्यांनी बंद करू नये म्हणून काय केलंस?”

श्रेणिकने आवाज खाली आणला. मग म्हणाला, की नक्कल पाठवणारा तो तुकडा त्याने वेगळा ठेवला आणि त्याला असं नाव दिलं, की बघणाऱ्याला वाटावं हा संगणकाचाच एखादा भाग आहे. मग कोणी त्याला हात लावत नाही.

“वेष बदललास.”

“वेष नाही. नुसतं नाव.”

चाचांनी मान हलवली. नाव, तर नाव.

“आणि जा म्हटलं तर जातो?”

“जातो ना. एका बटणात निघतो.”

“तो दुसरा?”

निखाऱ्यावर राख धरली होती. श्रेणिक तिच्याकडे बघत राहिला.

“तो… राहतो,” तो म्हणाला. “कधी परत लागला तर, म्हणून.”

आता चाचा काहीतरी बोलतील असं त्याला वाटलं. त्यावर काय सांगायचं, हेही त्याच्या मनात तयार होतं. माझा हेतू बघा. एक यादी तरी मी कुणाला दिली का? एक नाव तरी विकलं का?

चाचांनी नुसतं उदाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. चिमटा फडक्यात गुंडाळून झोळीत घातला. मग चपला काढल्या आणि त्या हातात घेऊन अनवाणी निघाले.

श्रेणिक त्यांच्या मागोमाग गेला.

कोरे मेडिकलला बाजूने एक अरुंद दार आहे. औषधांचे खोके तिथून आत घेतात. चाचा त्या दारातून आत शिरले. श्रेणिक दुकानाच्या पुढच्या पायरीवर उभा राहिला. तिथून त्याला सगळं दिसत होतं.

अण्णा पाठमोरे वाकून खोक्यावरची तारीख वाचत होते. संगणक बंद पडल्यापासून ते सगळ्या तारखा भिंगाने वाचत. चाचा आवाज न करता गेले आणि त्यांच्या मागे, हातभर अंतरावर उभे राहिले.

अण्णा वळले.

भिंग खाली पडलं. शटर ओढायची सळई कोपऱ्यात होती, ती क्षणात त्यांच्या हातात आली.

“कोण ए?”

मग ओळख पटली. सळई खाली आली. त्यांनी चाचांना चांगलंच फैलावर घेतलं. हे काय वय आहे का असले खेळ करायचं, चोरासारखं मागून कसले येता, माझा जीव गेला असता म्हणजे. बोलता बोलता त्यांचा डावा हात गल्ल्याकडे गेला आणि कुलूप चाचपून परत आला.

अण्णांना स्वतःला ते कळलंही नसावं. श्रेणिकला मात्र दिसलं.

“चुकलो, अण्णा,” चाचा म्हणाले, आणि आले तसे बाजूच्या दाराने बाहेर पडले.

बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या. झोळीतून चिमटा घेतला, भांड्यावरचं झाकण काढलं, चिमूटभर ऊद टाकला. दुकानाला वळसा घालून समोरच्या दाराशी, श्रेणिकच्या शेजारी आले. उंबऱ्याच्या अलीकडे थांबून त्यांनी चिमटा दोनदा वाजवला.

अण्णांचं पुटपुटणं अजून चालू होतं. तरी त्यांच्या तोंडून सवयीने गेलं, “या, चाचा.”

ऊद सगळ्या कपाटांवरून फिरला. गल्ल्यावरून फिरला. अण्णांनी डोळे मिटून धूर दोन्ही हातांनी अंगावर घेतला. चाचा मागच्या खोलीतही जाऊन आले. तिथे अण्णांचा नोकरसुद्धा विचारल्याशिवाय जात नसे.

बाहेर आल्यावर श्रेणिकने त्यांना गाठलं. त्याचा आवाज चढला होता. म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवायचं काय कारण होतं, असं तो म्हणाला.

“अण्णा तुम्हाला चाळीस वर्षं ओळखतात.”

“ओळखतात ना,” चाचा म्हणाले. “मग सळई का उचलली?”

श्रेणिक दुकानाकडे वळून बघेपर्यंत चाचा पुढच्या दुकानाच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. तिथे एक बाई दम्याचं औषध घेत होती. दुकानदाराने आतून हाताने नको अशी खूण केली. चाचांनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते पुढे गेले.

श्रेणिक बराच वेळ पायरीवर उभा होता. मग आत गेला. खाली पडलेलं भिंग उचलून त्याने अण्णांच्या हातात दिलं, आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी भिंग हातात धरून ऐकलं. शेवटी विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं माझी यादी तुझ्याकडे जाते?”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही बंद केलं असतं.”

“केलं असतं की.” अण्णा भिंग पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “पुरानंतर नसतं केलं. विचारून तर बघायचंस.”

पुढचे पाच दिवस श्रेणिक ऑफिसातून फारसा बाहेर पडला नाही. त्याने त्या तुकड्याचं नाव बदलून ‘मुदतची नक्कल’ असं सरळ ठेवलं. नक्कल जायच्या आधी तो तुकडा विचारू लागला. नको म्हटलं तर थांबू लागला. ‘मुदत’ काढला की त्याच्याबरोबर तोही निघू लागला, मागे काही न ठेवता. मग श्रेणिकने बेचाळीस दुकानांच्या पायऱ्या चढून प्रत्येकाला तोंडाने सांगितलं, की आजवर काय होत होतं आणि आता काय होईल.

काहींनी ऐकून घेतलं. एकाने सगळ्यांसमोर नको ते सुनावलं. सहा जणांनी ‘मुदत’ त्याच दिवशी काढून टाकला. एकोणीस जणांनी प्रोग्रॅम ठेवला, पण नक्कल नको म्हटलं. श्रेणिकने त्यांच्या जुन्या नकला त्यांच्यासमोर पुसल्या.

तिसरा अर्ज अर्ध्या पानाचा होता. त्यात एकही दाखला नव्हता. प्रोग्रॅम काय करतो, कुणाला विचारून करतो आणि कसा काढायचा, एवढंच लिहिलं होतं. आधी काय लपवलं होतं, तेही एका ओळीत लिहिलं होतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘तपासणी झाली. हा प्रोग्रॅम सुरक्षित यादीत घेतला आहे.’

लाल चौकट गेली. बैठकीत कोरेअण्णांनीच विषय काढला आणि त्यांनीच मिटवला. छत्तीस दुकानांत ‘मुदत’ राहिला. अण्णांनी भिंग खणात टाकलं.

त्यानंतरचे दोन गुरुवार चाचा श्रेणिकच्या ऑफिसातही ऊद घेऊन आले. दारात चिमटा वाजवायचे. श्रेणिक उठून या म्हणायचा.

तिसऱ्या गुरुवारी आभाळ भरून आलं होतं. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागलंय, असं खाली कुणीतरी बोलत होतं. श्रेणिक ‘मुदत’ची नवी आवृत्ती तयार करत बसला होता. त्याच्यासमोर त्या एकोणीस दुकानांची नावं होती. नक्कल नको म्हणणारी.

पाणी वाढलं तर त्यांच्याच याद्या जाणार होत्या. पुन्हा विचारावं, तर पुन्हा नको म्हणतील. आणि आता राखणदार अडवणार नव्हता. ‘मुदत’चं नाव सुरक्षित यादीत होतं. नव्या आवृत्तीत फक्त एक ओळ बदलायची होती, ती विचारण्याची. बसवतानाच्या पहिल्या ‘हो’मध्ये हेही आलंच, असं धरता आलं असतं. यात वाईट काय होतं? त्यांच्याच भल्याचं होतं.

त्याने ती ओळ शोधून काढली. बोट बटणावर ठेवलं.

दारात चिमटा दोनदा वाजला.

“आत या, चाचा,” असं ओठांवर आलं होतं. पण नजर पडद्यावर होती आणि मन त्या ओळीत होतं. त्याने मान वर न करताच म्हटलं, “तुम्हाला काय दर वेळी विचारायचंय, चाचा? मागच्या गुरुवारी म्हटलंच की या म्हणून. तुम्ही आता आपले सरळ येत जा.”

पावलं वाजली नाहीत.

श्रेणिकने मान वर केली. चाचा उंबऱ्यापलीकडेच उभे होते. भांड्यावर झाकण होतं. त्याच्या कडेने धुराची एक बारीक रेघ निघत होती, तीसुद्धा बाहेरच जिन्याकडे वळत होती.

“या ना. थांबलात का?”

“विचारायला.”

“पण मागच्या गुरुवारी…”

“मागच्या गुरुवारचं ‘या’ मागच्याच गुरुवारी संपलं, पोरा.”