शेपूट कापूनही न फुटलेली संख्या

एका राज्यात अशी रीत होती की दान असो वा आहेर, मोजून झाल्यावर वर एक ठेवल्याखेरीज कोणी हात मागे घेत नसे. त्या राज्यावर भेदकाल मांत्रिकाची वक्रदृष्टी वळली. त्याने धाकट्या राजपुत्राला, जयध्वजाला, पळवून नेऊन त्याचा दगड केला आणि निरोप धाडला, "माझ्या सुरीने जिचे समान वाटे पडणार नाहीत, अशी संख्या मला द्या. वाटे पडले, तर देणाराही दगड होईल." एकेक सुटा करून तर कशाचेही वाटे पडतात; ते अर्थातच धरायचे नव्हते.

शूर वीर अभेद्य संख्या घेऊन गेले आणि दगड होऊन बसले. अखेर थोरली बहीण शुभ्रांगी निघाली. अरण्यातल्या सागाच्या ढोलीत एक बोलका धनेश पक्षी राहत होता, त्याच्यापुढे तिने हात जोडले.

"पक्षिराज, ते वीर का हरले?"

"संख्या अभेद्यच होत्या, कन्ये. देताना त्यांनी काय केले?"

राजकन्या उद्गारली, "वर एक ठेवला! विषमाची सम झाली, आणि सुरी मधोमध चालली."

धनेश प्रसन्न झाला. जन्मभर एकेक अंक जोडून, पारखून वाढवलेली आपली संख्या त्याने तिच्या कानात सांगितली.

भेदकालासमोर शुभ्रांगी म्हणाली, "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस." आणि हात मागे घेतला.

"वरचा एक?" तो मिशीत हसला.

"देणार नाही."

त्याने सुरी चालवली. वाटे पडेनात. मग त्याने शेवटी एकेक अंक चिकटवून पाहिला. शून्यापासून नवापर्यंत कोणताही चिकटवला की वाटे पडत, काढला की संख्या पुन्हा अभेद्य! चिडून त्याने शेपटीचा तीन कापला. उरले त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. तेही अभेद्य. पुन्हा शेपूट कापले, पुन्हा अभेद्य. काय ही संख्या, आणि काय तिचा ताठ कणा! कापता कापता एकटा सात उरला, आणि तोही फुटेना.

भेदकालाने सुरी खाली ठेवली. जमिनीवर विखुरलेल्या अंकांकडे तो बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"कन्ये, इतके सुंदर काही मी आजवर पाहिले नव्हते. अशी तुटलेली माझ्याने बघवत नाही."

तो गुडघ्यांवर बसला. सातापुढे तीन, तिनापुढे नऊ, असे त्याने सगळे अंक जोडले. त्याच्या मंत्राचे सारे बळ कापण्यात होते; जोडण्याने ते सरत गेले. शेवटचा तीन जागी बसला तसे दगडांना श्वास फुटले, आणि वीर डोळे चोळत उठले.

जयध्वज लंगडत बहिणीकडे आला. "ताई, उभा राहून पाय फार दुखले गं."

शुभ्रांगीने त्याला उचलून कडेवर घेतले आणि घरापर्यंत खाली उतरवले नाही.