खांबावरच्या रेघा

समुद्र नुकताच आपली हद्द विसरू लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. एका बंदराच्या धक्क्याखाली एक चिंबोरी राहायची. तिचा नवरा पावसाळ्यात वारला होता. उधाणाच्या लाटांनी बीळ ढासळू लागलं, तरी ती हलेना.

"वहिनी, एक दिवस बिळासकट वाहून जाल," धक्क्याचा म्हातारा खांब म्हणाला.

"भाऊजी, हे बीळ ह्यांनी खणलंय. सोडून कशी जाऊ?"

"आणि ते होते तेव्हा? दर उधाणाला बाहेर पळतात म्हणून भांडायचात!"

"भांडणारच. उनाडक्या करायचे."

"उनाडक्या? माझ्या अंगावर बघा जरा."

खांबावर नांगीने ओढलेल्या रेघा होत्या. दर उधाणाला पाणी जिथवर चढलं तिथे एक, आणि प्रत्येक नवी रेघ आधीच्या रेघेहून वर.

"रेघ ओढली की ते वर बांधाकडे जायचे. तिथे काय करायचे, ते मला इथून दिसत नाही."

चिंबोरी हळूहळू बांध चढली. सगळ्यात वरच्या रेघेहूनही उंचावर, केवड्याच्या मुळाशी, एक अर्धवट खणलेलं बीळ होतं. ती आत जाऊन बसली. शेजारी आणखी एकाला पुरेल एवढी जागा होती.

बऱ्याच वेळाने तिने उरलेलं खणायला घेतलं.

पुढच्या उधाणाला खांबावर नवी रेघ ओढायला ती स्वतः आली.